फ्रीव्हील आणि कॅसेट सोडवायचा संच : दोन अवजारे खरी, तिसरे कामचलाऊ

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांच्या पार्किंगमध्ये टायर बसलेल्या आणि साखळी गंजून लाल झालेल्या गिअरच्या सायकलींचा एक कोपरा हमखास असतो. मुले मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, सायकली तिथेच राहिल्या. सोसायटीने नोटीस लावून त्या भंगारवाल्याला देण्याआधी मालकांना विचारून मागची चाके मिळवली, तर घरी यंत्रे जुळवणाऱ्याला त्यांतून दोन मोलाच्या वस्तू मिळतात : अचूक दातांच्या पोलादी चकत्या, आणि एका दिशेने मोकळी फिरून दुसऱ्या दिशेने अडणारी यंत्रणा. या वस्तू चाकापासून वेगळ्या करायला घरातले साधे पाने उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी खास अवजारे लागतात. अशा तीन अवजारांचा एक स्वस्त संच मी ऑनलाइन मागवून वापरला, त्याचे हे परीक्षण आहे. संचावर निर्मात्याचे नाव नाही आणि हुबेहूब तसाच संच निरनिराळे विक्रेते निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे इथे नावापेक्षा वर्णन अधिक कामाचे ठरेल.

माझे काम सोसायटीच्या बागेतल्या खताच्या ड्रमचे होते. ओला कचरा आणि पालापाचोळा भरलेला २०० लिटरचा ड्रम आडव्या आसावर फिरवताना आतला जड माल एका बाजूने वर चढतो, आणि हात सुटला की ड्रम उलटा फिरून हॅन्डल मनगटावर आदळते. त्यामुळे जोर कमी लागावा म्हणून साखळी आणि लहानमोठ्या चकत्यांची जोडणी हवी होती, आणि ड्रम उलटा फिरू नये म्हणून अडसर हवा होता. पहिली गरज कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावर सरकवलेल्या चकत्यांच्या जोडाच्या, सुट्या चकत्यांनी भागते; दुसरी अखंड फ्रीव्हीलने, म्हणजे चकत्या आणि अडणारी यंत्रणा एकत्र असलेल्या नगाने. दोन वेगवेगळ्या सायकलींची चाके हाती आल्यामुळे संचातली तिन्ही अवजारे वापरात आली.

संचात एक फ्रीव्हील रिमूव्हर आहे, एक कॅसेटचे लॉकरिंग, म्हणजे चकत्या वरून आवळून धरणारी कडी, सोडवणारे अवजार आहे आणि एक चेन व्हिप, म्हणजे सपाट पट्टीला साखळीचा तुकडा जोडलेला दांडा आहे. पहिल्या दोन अवजारांना १२-१२ दाते आहेत आणि लांबून ती सारखीच दिसतात. परंतु फ्रीव्हीलच्या अवजाराचा दातांवरचा व्यास सुमारे २० मिलिमीटर, तर कॅसेटच्या अवजाराचा सुमारे २३.५ मिलिमीटर असतो आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. विक्रेत्यांच्या पानांवर या दोहोंची सर्रास अदलाबदल झालेली असते. पार्क टूलसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या यादीत हीच दोन अवजारे एफआर-१.३ आणि एफआर-५.२ अशा स्वतंत्र क्रमांकांनी येतात, हे लक्षात ठेवले तर सुटे अवजार घेताना घोटाळा होत नाही. या संचातल्या दोन्ही अवजारांचा पाना लावायचा षटकोन २४ मिलिमीटरचा आहे, आणि घरच्या नेहमीच्या पान्यांच्या जोडीत हे माप बहुधा नसते. पाना संचात दिलेला नाही. वापराची माहिती देणारा साधा कागदही नाही.

हा कागद नसणे नवख्याला महागात पडेल, कारण अवजार लावण्याआधी चाकावर फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे ओळखावे लागते. फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि अडणारी यंत्रणा मिळून एकच नग असतो आणि तो हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आट्यांनी चढवलेला असतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असते आणि चकत्या तिच्यावरच्या खाचांत सरकवून वरून लॉकरिंगने आवळलेल्या असतात. शिमानोने १९७८ मध्ये असा यंत्रणेसह हब, म्हणजे फ्रीहब, बाजारात आणल्यानंतर महागड्या सायकली हळूहळू कॅसेटकडे वळल्या, तरी आपल्याकडच्या सहा आणि सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर आजही आट्यांचे फ्रीव्हीलच आढळते. ओळखण्याची रीत सोपी आहे. चकत्या हाताने मागे फिरवाव्यात आणि आसाजवळची दातेरी खाच पाहावी. खाच चकत्यांबरोबर फिरली तर ते लॉकरिंग, म्हणजे कॅसेट. खाच जागेवर राहून फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. रस्त्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या बिनगिअरच्या साध्या सायकलीचे फ्रीव्हील मात्र वेगळ्या, मोजक्या खाचांचे असते आणि या संचातले कोणतेही अवजार त्यात बसत नाही. विक्रेत्याने ‘सर्व सायकलींसाठी’ असे छापले आहे, ते खरे नाही.

फ्रीव्हील रिमूव्हर हा या संचातला सर्वांत चांगला नग आहे. १४ ते २८ दातांच्या सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये तो तळापर्यंत बसला, खाचांमध्ये ढिलाई जाणवली नाही, आणि काम झाल्यावर दात्यांच्या कडा पाहिल्या तर त्या गोलावलेल्या नव्हत्या. अशा अवजारात पाहायचे ते एवढेच असते. वरचा मुलामा कितीही चकचकीत असला तरी दाते मऊ असतील तर पहिल्याच झटक्यात ते खाचांवरून घसरतात, खाचांच्या कडा उडतात आणि मग ते फ्रीव्हील चाकावरच उघडून तुकड्या-तुकड्याने काढण्यावाचून इलाज राहत नाही. एक उणीव आहे. त्याचे भोक आसावरून जाते, पण आसावर बाहेर आलेला लॉकनट आणि त्याखालचे वायसर त्यातून जाण्याइतके मोठे नाही, म्हणून माझ्या चाकावर ते आधी उतरवावे लागले. पातळ भिंतीच्या रिमूव्हरला ही खटपट बहुतेक वेळा लागत नाही.

फ्रीव्हील सोडवायला इतका जोर का लागतो, हे समजले तर अवजाराकडून किती अपेक्षा धरावी हेही समजते. फ्रीव्हीलचे आटे पेडल मारण्याच्याच दिशेने आवळले जातात, त्यामुळे सायकल जितकी चढावर चालली असेल तितके ते हबवर घट्ट बसलेले असते. येऊरच्या चढावर उभे राहून पेडल मारणाऱ्या ६० किलो वजनाच्या माणसाचा पूर्ण भार १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांडीवर, पडला, तर सुमारे १०० न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. पुढच्या आणि मागच्या चकतीचे दात सारखे असतील तर तेवढाच फ्रीव्हीलवर येतो, आणि मागची चकती मोठी असेल तर त्याहून जास्त. तेवढाच पीळ उलट दिशेने द्यायचा तर २५ सेंटिमीटरच्या पान्यावर ४० किलोंचा जोर लागेल, आणि पान्यावर पाइप चढवून तो ६० सेंटिमीटर केला तर १७ किलोंच्या आसपास. त्यात खाडीकडच्या दमट हवेने आणि ठाण्याच्या पावसाने धरलेला गंज मिळवला, म्हणजे हातातल्या छोट्या पान्याने हे काम का होत नाही ते कळते. गंज सोडवणारे तेल हब आणि फ्रीव्हीलच्या सांध्यात सोडून चाक रात्रभर आडवे ठेवावे. आटे त्या सांध्यापासून जवळ असतात. पुढून, आसाच्या बाजूने ओतलेले तेल बहुतेक छऱ्यांत जाते आणि तिथले ग्रीस धुऊन काढते.

रिमूव्हर खाचांत बसवल्यावर आसाचाच नट त्यावर बेताने आवळून तो जागेवर धरून ठेवायचा असतो, आणि माझ्या मते अवजाराच्या किमतीपेक्षा या एका कृतीवर काम अधिक अवलंबून आहे. नट लावला की मध्यम प्रतीचा रिमूव्हरही घसरत नाही; न लावता उत्तम प्रतीचाही उडून बोटांवर येऊ शकतो. मात्र पहिला हिसका बसून फ्रीव्हील जरासे फिरले, की तो नट ताबडतोब सैल करायला हवा, कारण सुटणारे फ्रीव्हील बाहेर सरकते आणि रिमूव्हर नटावर दाबला जाऊन आस किंवा आटे खराब होण्याची भीती असते. सदनिकेच्या गच्चीत हे सारे करणे अवघडच, म्हणून मी चाक वागळे इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये नेले. तिथे रिमूव्हरचा षटकोन मोठ्या व्हाइसमध्ये धरला, चाक वर आडवे आले आणि रिम दोन्ही हातांनी धरून बसच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवताच फ्रीव्हील सुटले. तरफ म्हणून पूर्ण रिमचा व्यास मिळतो, त्यामुळे वेगळा पाइप लागत नाही आणि पीळ दोन्ही बाजूंनी सारखा बसतो. व्हाइस उपलब्ध असेल तर २४ मिलिमीटरच्या पान्यावर पैसे घालवू नयेत.

त्या वर्कशॉपमधल्या टर्नर काकांनी चाकाकडे पाहून म्हटले, “बरं झालं साहेब, अख्खं चाक आणलंत. नुसता हब आणला असतात तर हातच लावला नसता. धरायचा कुठे तो?” भंगारवाला बहुधा स्पोक कापून रिम वेगळी विकतो आणि हब वेगळा ठेवतो, आणि स्वस्त मिळतो म्हणून तो सुटा हब घेण्याचा मोह होतो. गोल, गुळगुळीत हबवर १०० न्यूटन-मीटरच्या विरोधात पकड मिळवणे जवळपास अशक्य आहे. म्हणून फ्रीव्हील आधी काढावे आणि स्पोक मग कापावेत.

कॅसेटचे अवजार रिमूव्हरइतकेच नीट बनवलेले आहे आणि त्याला मधोमध एक मार्गदर्शक पिन आहे. पोकळ आसाच्या, क्विक रिलीजच्या (खटका ओढून चाक निघणाऱ्या) हबमध्ये ही पिन आत जाऊन अवजार सरळ धरते. भरीव आसाच्या हबवर तीच पिन आड येते. विकत घेण्याआधी आपला आस कोणता ते पाहायला हवे. लॉकरिंग मुळात सुमारे ४० न्यूटन-मीटरने आवळलेले असते, पुष्कळदा हा आकडा त्याच्यावर कोरलेलाही असतो, आणि पेडल मारल्याने ते आणखी आवळत नाही. म्हणून फ्रीव्हीलच्या तुलनेत ते लवकर हाती येते. सुटताना करकर असा आवाज होतो, त्याने घाबरू नये. लॉकरिंगच्या खालच्या बाजूला बारीक दातरे असतात, त्यांचा तो आवाज असतो.

चेन व्हिपपाशी मात्र संच उघडा पडतो. लॉकरिंग डावीकडे फिरवताना कॅसेटही त्याच दिशेने मोकळी फिरू लागते, तिला अडवून धरणे हे चेन व्हिपचे काम. म्हणजे लॉकरिंगवर जेवढा पीळ द्याल तेवढाच या दांड्याने पेलायचा असतो. दिलेला दांडा आखूड आहे आणि पट्टी पातळ आहे. जोर पडताच ती वाकली, आणि साखळी जिथे पट्टीला जोडली आहे तिथली रिव्हेट हलू लागली. दुसरा दोष साखळीच्या रुंदीचा. बिनगिअरच्या सायकलीला लागणारी १/८ इंची रुंद साखळी इथे वापरली आहे. आठ गिअरच्या कॅसेटच्या मधल्या चकत्यांवर ती शेजारच्या मोठ्या चकतीला घासते आणि दातांवर पूर्ण बसत नाही. सर्वांत मोठ्या चकतीवर ती बसते, कारण तिथे बाहेरच्या अंगाला लहान चकत्याच असतात. आणि मोठ्या चकतीवर धरल्याने साखळीवरचा ताणही कमी होतो. तसे करून माझे काम निभावले, पण दांड्यावर भरवसा ठेवून अंगाचा भार टाकावा, असा तो नग नाही.

सुदैवाने तिन्ही अवजारांपैकी घरी बनवता येण्यासारखे अवजार हेच आहे. पाच-सहा मिलिमीटर जाडीची आणि हातभर लांबीची लोखंडी पट्टी घ्यावी, तिच्या टोकाला साखळीच्या पिनांच्या अंतराने, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर, दोन भोके पाडावीत आणि जुन्या गिअरच्या साखळीचा तुकडा त्यांत बसवावा. सात-आठ गिअरची साखळी आतून ३/३२ इंची असते आणि कोणत्याही चकतीवर चालते. वागळे इस्टेटमध्ये अशी पट्टी कापून, भोके पाडून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि साखळी तर त्या पार्किंगमधल्या सायकलीवरच असते.

लॉकरिंग निघाल्यानंतर पुढच्या सुट्या भागांसाठी या संचात काही नाही. लहान एक-दोन चकत्या आणि मधली वायसरे आपोआप निघतात. उरलेल्या चकत्या तीन लांब रिव्हेटनी एकत्र बांधलेल्या असतात. ग्राइंडरने त्या रिव्हेटची डोकी घासून पंचने पिना मागे ठोकल्या, की प्रत्येक चकती वेगळी होते. चकत्यांवर गंज धरू नये म्हणून मुलामा दिलेला असतो. त्या कशाला वेल्ड करायच्या असतील तर वेल्डिंगच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढावा, कारण तो जळताना निघणारा धूर छातीला घातक असतो. वेल्डरला हे सांगितल्याशिवाय तो बहुधा करत नाही. मी कॅसेटमधली १५ दातांची चकती हॅन्डलच्या आसावर आणि त्याच सायकलीची ४२ दातांची पुढची चकती ड्रमच्या तोंडावर बसवली, त्यामुळे ड्रमची एक फेरी व्हायला हॅन्डल २.८ वेळा फिरवावे लागते आणि जोर त्याच प्रमाणात कमी लागतो.

फ्रीव्हीलच्या चकत्या वेगळ्या करायच्या तर एक चेन व्हिप पुरत नाही. सर्वांत लहान चकती आट्यांवर असते. तिला डावीकडे फिरवताना दुसऱ्या चेन व्हिपने मोठी चकती धरून ठेवावी लागते, नाहीतर सगळा नग मोकळा फिरत राहतो. आणखी खोलात जाऊन यंत्रणाच उघडायची असेल, तर पुढच्या बाजूला दोन बारीक भोकांची एक चकती दिसते. तिचे आटे उलटे असतात आणि ती उजवीकडे फिरवल्याने सुटते. यासाठी लागणारा दोन टोकांचा पाना संचात नाही, त्यामुळे पंच आणि हातोडीचा आधार घ्यावा लागतो. आत १/८ इंचाचे बारीक छर्रे दोन रांगांत असतात आणि त्यांच्यामागे स्प्रिंगने दाबलेली कुत्री, म्हणजे एकाच दिशेने अडणारे छोटे खटके. ती स्वच्छ करून पुन्हा बसवायची हौस असेल तर खाली मोठे ताट ठेवावे. अडसर म्हणून वापरायचे असेल तर उघडण्याची मुळीच गरज नाही. वरून पातळ तेल सोडून फिरवत राहिले की साठलेली घाण बाहेर येते आणि टक-टक आवाज पुन्हा स्पष्ट होतो.

अडसराची जोडणी वाचकांच्या कामी येईल म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रीव्हीलचा आतला भाग फिरणाऱ्या आसावर आट्यांनी चढवायचा आणि बाहेरच्या चकत्या चौकटीला अडकवून स्थिर ठेवायच्या; मग बाहेरून पाहता आस उजवीकडे मोकळा फिरतो आणि डावीकडे अडतो. भार अडवताना आटे आवळलेच जातात, त्यामुळे फ्रीव्हील निसटण्याची चिंता नाही. चकत्या चौकटीला वेल्ड करू नयेत, कारण उष्णतेने आतले ग्रीस जळते आणि कुत्र्यांची स्प्रिंग मऊ पडते. त्याऐवजी एका चकतीवर साखळीचा तुकडा गुंडाळून त्याची दोन्ही टोके चौकटीला बोल्टने बांधली, तर तेवढीच पक्की पकड मिळते आणि पुढे फ्रीव्हील बदलणेही सोपे जाते. आस लेथवर करून घेताना टर्नरला आट्यांचे माप लिहून द्यावे : व्यास १.३७५ इंच, म्हणजे ३४.९ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. तोंडी ‘बारीक आटे’ म्हटले तर तो सवयीने १ मिलिमीटरचे पाडेल. इंचात २४ आटे असले की दोन आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटरच्या जवळ असते, आणि हा क्षुल्लक वाटणारा फरक तीन-चार वेढ्यांनंतर फ्रीव्हील जाम करायला पुरेसा असतो.

पैशांचा विचार करता, ज्याला एकच फ्रीव्हील काढायचे आहे त्याने हा संच घेऊ नये. गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही चांगल्या दुकानात रिमूव्हर असतो आणि थोड्या मजुरीत तिथे काम होते; फक्त छिन्नी आणि हातोडीने खाचांवर ठोकून काढणाऱ्याच्या हाती ते देऊ नये, कारण खाचा फुटल्या तर पुढे कोणतेच अवजार चालत नाही. ज्याला निरनिराळ्या चाकांवर काम करायचे आहे त्याने रिमूव्हर आणि लॉकरिंगचे अवजार सुटे मागवावे आणि चेन व्हिप घरी बनवावा. तसा हिशेब केला तर खर्च संचाच्या आसपासच येतो आणि तिन्ही नग भरवशाचे मिळतात. संचच घ्यायचा असल्यास मागवण्यापूर्वी विक्रेत्याला षटकोनाचे माप, साखळीची रुंदी आणि रिमूव्हरच्या भोकाचा व्यास विचारावा, आणि या तिन्हींची उत्तरे मिलिमीटरमध्ये देता आली नाहीत तर दुसरा विक्रेता पाहावा.